बंदूक घरात आल्यानंतर

बंदुकीचा परवाना मिळाला, की माणसाचे सारे लक्ष बंदुकीकडे लागते. ते साहजिकच आहे. अर्ज करायचा, पोलीस ठाण्यातून चौकशी व्हायची, कचेरीचे हेलपाटे घालायचे, आणि मग एके दिवशी परवाना हातात पडायचा. एवढे सोसल्यावर बंदूक एकनळी घ्यावी की दुनळी, नवी की वापरलेली, याच गोष्टी डोक्यात घोळत राहतात. दुकानदारही त्याच सांगतो. पण वीस-पंचवीस वर्षे बंदूक बाळगलेल्या माणसाला विचारून पाहा, "सुरुवातीलाच काय कळायला हवं होतं?" तो बनावटीबद्दल फार बोलणार नाही. तो कुलपाबद्दल बोलेल, पावसाळ्याबद्दल बोलेल, कानांबद्दल बोलेल. आणि थोडा वेळ गप्प राहून कदाचित गावातल्या एखाद्या जुन्या अपघाताबद्दल बोलेल.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. साऱ्या वर्षात बंदूक वाजते ती जेमतेम काही मिनिटे. उरलेले सगळे तास ती घरात असते, हातात असते, किंवा वाटेवर असते. दुकानात आपण त्या काही मिनिटांचा विचार करतो, आणि आयुष्यभर सांभाळायचे असतात ते बाकीचे तास. तुमच्याशी मला बोलायचे आहे ते मुख्यतः या बाकीच्या तासांबद्दल.

तुम्ही कोकणातले किंवा गोव्याकडचे बागाईतदार असाल, भाताच्या आणि नारळी-काजूच्या राखणीसाठी तुम्ही परवाना घेतला असेल. वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक तुमच्या नावावर आली असेल. किंवा मुलीला नेमबाजीची आवड लागली म्हणून तुम्ही या वाटेला आला असाल. कोणीही असलात, तरी आरंभी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शेतीच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून पुष्कळांचा समज होतो, की परवाना मिळाला म्हणजे रानात जायला मोकळीक मिळाली. तसे मुळीच नाही. वन्य जीव संरक्षण अधिनियम 1972 सालचा. त्यात 1991 साली दुरुस्ती झाली आणि शिकारीचे परवाने देणे बंद झाले. रानडुक्कर तुमच्या शेतात शिरून भात लोळवत असले, तरी त्याला मारण्याआधी वनखात्याची रीतसर लेखी परवानगी लागते. हवेत बार काढून जनावर हुसकावणे वेगळे, आणि जनावर मारणे वेगळे. आणखी एक. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानेदाराने आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे असते. ही गोष्ट कित्येकांना बंदूक जुनी झाल्यावर कळते. तुम्ही ती आजच लक्षात ठेवा.

आता पहिला धडा. तो एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे "रिकामी".

बंदुकीच्या अपघातानंतर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य कोणते? "ती रिकामी होती, असं वाटलं." भरलेल्या बंदुकीला सगळेच भितात. तिला कोणी खेळत नाही, तिच्याशी थट्टा करीत नाही. घात करते ती मनाने रिकामी ठरवलेली बंदूक. म्हणून जाणत्या लोकांचा नियम असा, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत कोणतीही बंदूक भरलेलीच समजायची. काल रात्री तुम्हीच रिकामी करून ठेवली असली, तरी आज सकाळी हातात घेताना पुन्हा उघडून पाहायची. मित्राने तुमच्यादेखत उघडून पाहिली आणि तुमच्या हातात दिली, तरी तुम्ही पुन्हा पाहायची. यात मित्राचा अपमान नाही. उलट जो असे पाहतो त्याच्याकडेच पुढच्या वेळी लोक निर्धास्तपणे बंदूक देतात.

दुनळी मोडून उघडली, की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो. संशय राहत नाही. ठासणीच्या बंदुकीचे तसे नसते. आत दारू आणि छर्रे भरलेले आहेत की नाहीत, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी जुन्या लोकांची एक युक्ती आहे. नळी रिकामी आहे अशी पक्की खात्री असताना, नवी आणली त्या दिवशीच, गज आत तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी येईल तिथे गजावर खूण करायची. पुढे केव्हाही शंका आली, की चाप आणि घोडा यांना हात न लावता, तोंड आणि छाती नळीच्या रेषेबाहेर ठेवून गज आत सोडावा. खूण तोंडापाशी आली तर नळी रिकामी; खूण वर राहिली तर आत काही तरी आहे. एक चाकूची रेघ, पण तिने किती तरी हात आणि डोळे वाचले असतील.

याच्या जोडीला दोन सवयी. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळता कामा नये, बंदूक रिकामी असली तरी. आणि नेम धरून बार काढायचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. ते बाहेर, कडेला सरळ राहिले पाहिजे. ठेच लागली किंवा कोणी मागून हाक मारली, तर माणसाची मूठ आपोआप आवळली जाते. तेव्हा बोट कुठे होते, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेतील जेफ कूपर या शिक्षकाने असे चार नियम सुटसुटीतपणे मांडले आणि ते जगभर शिकवले जातात: बंदूक भरलेलीच समजा; जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी धरू नका; नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा; आणि लक्ष्य ओळखा, त्याच्या मागे काय आहे तेही ओळखा.

"बंदुकीला सेफ्टी असते ना?" असे कोणी विचारील. असते. पण ती लोखंडाची एक लहानशी कळ आहे. कित्येक दुनळी बंदुकांत ती केवळ चाप अडवते, आतला घोडा मोकळाच राहतो. बंदूक दगडावर आपटली, तर कळ लावलेली असूनही बार उडू शकतो. कुंपण ओलांडताना, व्हाळ उतरताना, मचाणावर चढताना काडतुसे बाहेर काढावीत, ती एवढ्यासाठीच. खंडेनवमीला शस्त्रपूजा करतानाही बंदूक आधी उघडून पाहावी आणि मग हळद-कुंकू लावावे. त्या दिवशी घरभर पोरेबाळे असतात.

नेमबाजीच्या मैदानावर ही शिस्त किती कडक असते, ते एकदा जाऊन अवश्य पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत 2010 साली जागतिक विजेती झाली. पदकापर्यंत पोहोचलेल्या अशा खेळाडूंनाही मैदानावर नवशिक्याचेच नियम लागू असतात. नेमबाजी थांबली, की रायफल उघडी ठेवायची, तिच्या कोठीत रंगीत निशाणी घालायची, म्हणजे ती रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. तिथे कोणी कोणाच्या शब्दावर विसंबत नाही.

दुसरा धडा लक्ष्याच्या मागचा. आमच्याकडे वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते. गाव बदलते, नावे बदलतात, बातमी तीच असते: रात्री रानात गेलेल्या टोळीतल्या एकाने झुडपात हालचाल पाहिली, रानडुक्कर समजून बार काढला, आणि झुडपात आपलाच सोबती होता. कधी तो सख्खा भाऊ असतो, कधी शेजारी. यातली बहुतेक माणसे दुष्ट नसतात. त्यांनी फक्त आवाजावर नेम धरलेला असतो. बॅटरीच्या झोतात चमकलेले दोन डोळे म्हणजे डुक्कर नव्हे. पाने हलली म्हणजे डुक्कर नव्हे. डोके, मान, पाठ, पाय असे सबंध जनावर दिसले, ते काय आहे याची खात्री पटली, आणि त्याच्या मागे माती किंवा बांध आहे हेही दिसले, तर पुढचा विचार. नाही तर बोट बाहेर. डुक्कर पळाले तर एक वाफा जाईल. वाफा पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो.

छर्रा किती लांब जातो, याची कल्पना नवख्याला नसते. पस्तीस-चाळीस मीटरांपलीकडे छऱ्यांचा मारा विरळ होतो, हे खरे. पण छर्रे तिथे थांबत नाहीत. सहा नंबरचा बारीक छर्रासुद्धा दोनशे मीटरांच्या आसपास जाऊन पडतो. एसजीसारखा मोठा छर्रा सहाशे मीटरांहूनही लांब जाऊ शकतो. आणि .22 रायफलची ती करंगळीएवढीही नसलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत धोक्याची असते. एवढ्या टप्प्यात आपल्या कोकणात एक वाडी, एक शाळा आणि एक पाणंद सहज येते. त्यात आपली जमीन जांभ्याची. कातळावर किंवा पाण्यावर तिरपी लागलेली गोळी उसळून भलतीकडेच जाते. तेव्हा बार हवेत काढायचा म्हटला, तरी वर काय आहे आणि पलीकडे कोण राहते, हे पाहायला हवे. वर गेलेले शिसे खाली येतेच.

लग्नाच्या वरातीत किंवा पुढारी निवडून आल्यावर आनंदाने बार काढणाऱ्यांना हेच सांगायचे. 2019 च्या दुरुस्तीपासून असा निष्काळजी बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. आणि एक लक्षात असू द्या: आपल्या भाषेत बंदुकीत भरतात तीही दारू आणि पेल्यात भरतात तीही दारू. या दोन दारू एका दिवशी एकत्र येऊ देऊ नयेत.

तिसरा धडा काडतुसाचा. "बारा बोअर" हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. नळीच्या पोकळीत बरोबर बसणारे शिशाचे गोल गोळे करावेत. असे बारा गोळे मिळून एक पौंड भरला, की ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला, की नळी लहान होते. वीस बोअरची नळी बाराहून अरुंद असते. आता यातला धोका पाहा. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेले, तर ते कोठीतून पुढे घसरते आणि नळीत अडकून बसते. मागून पाहणाऱ्याला कोठी रिकामी दिसते. तो बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फाटते, आणि त्या वेळी डावा हात नेमका त्याच जागी असतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला आहे. घरात दोन मापांच्या बंदुका असतील, तर दोन्हींची काडतुसे एका पेटीत किंवा एका खिशात कधीही ठेवू नका.

लांबीचेही तसेच. जुन्या बंदुकांची कोठी बहुधा 65 मिलिमीटरांची असते. आजची पुष्कळशी काडतुसे 70 मिलिमीटरांची असतात. गंमत म्हणजे लांब काडतूस आखूड कोठीत बिनतक्रार बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना ते तोंड उघडते आणि पुढे जागा नसते. मग आतला दाब भलताच वाढतो. "बसलं म्हणजे चाललं" हा हिशेब बंदुकीत लागू नाही. आजोबांच्या काळची, नळीवर नागमोडी नक्षी दिसणारी बंदूक तुमच्याकडे आली असेल, तर आणखी जपा. ती नक्षी शोभेची नव्हे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून ती नळी घडवलेली असते. अशा नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्यांना सोसेलच असे नाही. जाणत्या कारागिराने तपासून होकार दिल्याखेरीज तिच्यात नवे काडतूस घालू नये. भिंतीवर राहिली तरी आजोबांचा मान कमी होत नाही.

"फुसका बार" हा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो. बंदुकीत त्याला हसू नये. नेहमीपेक्षा आवाज बारीक आला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबावे. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. छर्रे किंवा मधला डाट आत अडकला असेल आणि मागून दुसरा बार आला, तर नळी फुटते. चाप ओढूनही बार उडालाच नाही, तर लगेच उघडून पाहू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. ठासणीच्या बंदुकीला दोन मिनिटे द्यावीत. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. ठासणीच्या बंदुकीत एक बार झाल्यावर दुसरा भरण्यापूर्वीही थोडे थांबावे. आत राहिलेली ठिणगी नव्या दारूवर पडू शकते. पावसाळाभर खुंटीवर टांगलेली बंदूक काढताना तर नळी आरपार पाहिल्याशिवाय काडतूस हाती घेऊ नका. कुंभारीण माशीला अशी आयती पोकळी फार आवडते. तिने आत मातीचे घर केले असेल, तर नळीला बूच बसल्यासारखेच झाले.

पावसाळा म्हटला, की चौथा धडा आलाच. नवा परवानेदार हौसेने मखमली अस्तराची चामड्याची गवसणी आणतो आणि बंदूक तिच्यात घालून ठेवतो. चार महिन्यांनी काढतो, तो नळीवर तांबूस ठिपके. चामडे आणि कापड हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि तोच लोखंडाला लावतात. गवसणी प्रवासासाठी असते. घरी बंदूक कोरडी पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, वारा लागेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवावी. तेलही फार नको. जास्तीचे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड कुजवते. कपाटात नळी खाली आणि दस्ता वर करून ठेवली, तर ते टळते.

काळी दारू वापरत असाल, तर एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे: ती बंदूक पाण्याने धुवावी लागते. या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असते. ती जळल्यावर नळीत जे क्षार उरतात, ते हवेतले पाणी ओढून घेतात. त्यावर नुसते तेल चोपडले, तर तेलाखाली गंज चढत राहतो. त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवावी, चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसावी, आणि मग तेल द्यावे. उद्यावर टाकले तर उशीर झाला म्हणून समजा. दारू आणि केप मात्र निरनिराळ्या डब्यांत, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्या पाहुण्यांपासून लांब.

पाचवा धडा तुमच्या शरीराचा. बंदुकीचा बार 140 डेसिबलांच्या वर जातो. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात; त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. एखाद्या बारानेही कायमचे नुकसान होऊ शकते. कित्येक जुन्या बंदूकवाल्यांशी बोलताना आपल्याला आवाज चढवावा लागतो, त्याचे एक कारण हे. रात्री सारे निजल्यावर त्यांच्या कानांत रातकिडा वाजत असतो, आणि त्याला औषध नाही. कानात घालायची बोंडे काही रुपयांना मिळतात. सरावाला जाताना ती विसरली, तर सराव रद्द करावा. आणि डोळ्यांवर चष्मा असावा, नंबर नसला तरी.

बंदूक घेण्यापूर्वी आपला कोणता डोळा मुख्य, हेही पाहून घ्या. आत्ताच करून पाहा. दोन्ही हात समोर लांबवा, तळव्यांच्या मध्ये रुपयाएवढे भोक ठेवा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा एखादा माड पाहा. आता डावा डोळा मिटा. माड तसाच दिसत असेल, तर तुमचा उजवा डोळा मुख्य; नाहीसा झाला, तर डावा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य असला, तर नेम सारखा बाजूला जातो आणि बिचारा बंदुकीला दोष देत राहतो. दस्त्याच्या लांबीचेही असेच आहे. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा जसा अंगावर बसत नाही, तशी दुसऱ्याच्या मापाची बंदूक खांद्यावर बसत नाही. जाणते लोक सांगतात, की साधी बंदूक घ्या आणि उरलेले पैसे शिकण्यावर घाला. 2016 च्या शस्त्र नियमांत तर परवान्यासाठी प्रशिक्षणाची आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची अट घातलेलीच आहे. ती केवळ कागद पुरा करण्यासाठी पार पाडू नका. तिथे मोकळेपणाने प्रश्न विचारा.

सहावा धडा कागदांचा आहे, तो थोडक्यात सांगतो. परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची झाली आहे, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पाच वर्षे म्हणजे विसरायला पुरेसा काळ. सबब मुदतीची तारीख देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि दोन-तीन महिने आधीच अर्ज करा. मुदत संपल्यावर घरातली तीच बंदूक बेकायदा ठरते. निवडणुकीच्या काळात ती जमा करण्याचा हुकूम तुम्हाला आला, तर जमा करून पावती घ्या आणि पावती परवान्याबरोबर ठेवा. शेजारधर्म म्हणून नांगर उसना द्यावा, बंदूक देऊ नये. परवाना तुमच्या नावाचा आहे. आणि घरातल्या एका समजूतदार माणसाला आजच सांगून ठेवा, की माझ्या पश्चात बंदूक माळ्यावर दडवायची नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. वडील गेले त्या दुःखात मुलाला हे कोण सांगणार? ते वडिलांनीच सांगून ठेवलेले बरे.

आता शेवटचा धडा. तो सर्वांत कठीण आहे, आणि जुनी माणसे तो सर्वांत शेवटी बोलतात.

बंदूक चोरापासून सांभाळायची, हे सर्वांना कळते. पण ती घरच्या माणसांपासूनही सांभाळायची असते. मुलांचे एक सांगतो. "आमच्या पोराला बंदूक कुठे आहे ते ठाऊकच नाही," असे म्हणणाऱ्या बापाच्या पोराला बहुधा ते ठाऊक असते. फळीवर, गादीखाली, माळ्यावरच्या कणगीत, या जागा मुलांना आपल्या आधी सापडतात. लपवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. कुलूप पाहिजे. काडतुसे दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात पाहिजेत. आणि किल्ली खुंटीवर नव्हे, तुमच्याजवळ पाहिजे.

दुसरी गोष्ट रागाची. बांधावरून, पाण्याच्या पाटावरून, वाटणीवरून गावात भांडणे व्हायचीच. शब्दाने शब्द वाढतो आणि माणूस तरातरा घरात येतो. कपाटाची किल्ली काढायची, ते उघडायचे, मग दुसऱ्या पेटीची किल्ली, मग काडतुसे, यात चार-पाच मिनिटे जातात. तेवढ्यात बायको पुढे येते, आई हाक मारते, स्वतःचाच श्वास जागेवर येतो. दोन कुलपांचा खरा उपयोग हा आहे. चोराला ती थोडा वेळ अडवतात; मालकाला नेमका हवा तेवढा वेळ अडवतात.

तिसरी गोष्ट त्याहून अवघड. घरात कोणाचे पीक बुडते, कोणावर कर्ज होते, परीक्षेचा निकाल मनासारखा लागत नाही, दीर्घ आजारपण येते. आणि एखादे माणूस हळूहळू बोलेनासे होते. जेवण कमी होते, डोळे वर उठत नाहीत. ज्या घरात बंदूक हाताशी असते, तिथे अशा वेळी जीव जाण्याचा धोका वाढतो, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. जीव देण्याचा तो आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. ती वेळ टळली, तर माणूस सावरतो, संसार करतो, नातवंडे पाहतो. बंदूक हाताशी असली, तर ती थोडी वेळही मिळत नाही. म्हणून घरात असे दिवस आले, की गाजावाजा न करता बंदूक घराबाहेर काढा. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती रीतसर जमा करता येते, पावती मिळते, आणि दिवस पालटल्यावर परत आणता येते. ते उदास माणूस तुम्ही स्वतः असाल, तर हे काम भावाला किंवा मित्राला सांगा. त्यात कमीपणा नाही. 2022 सालापासून सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तिथे फोन करून बोलावे. घरच्यांना तर सांगावेच.

बंदूक हाताळताना कधी चुकला नाही, असा दावा जुना परवानेदार करणार नाही. चुकीने जीव जाऊ नये म्हणून त्याने सवयी लावून घेतल्या आहेत, इतकेच. उघडून पाहतो, बोट बाहेर ठेवतो, पलीकडे कोण आहे ते पाहतो, त्याच दिवशी धुतो, दोन कुलपे लावतो. यातल्या एकाही गोष्टीला शौर्य लागत नाही, आणि कोणी त्याबद्दल टाळ्याही वाजवत नाही. वर्षामागून वर्षे जातात, बंदूक कपाटात राहते, रानडुकरे येतात-जातात, आणि घरातली सगळी माणसे रात्री पंगतीला असतात. वीस-पंचवीस वर्षांनी तुम्हालाही कोणी नवा परवानेदार विचारील, सुरुवातीला काय कळायला हवं होतं म्हणून. तेव्हा त्याला दुकानाआधी आपले कपाट दाखवा.